प्रसंन्न

नीलम आढावांचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या परिसर अभ्यासाच्या गाइडची प्रुफं बघत होते, उजवा पाय उशीवर ठेवून, मांडीवर पाट घेऊन. लेखकाने प्रत्येक पानावर 'पाण्याचे स्त्रोत' लिहिलं होतं आणि मी प्रत्येक पानावर तो 'त' खोडत होते. "मॅडम, तुमची ती हिट अँड रनची केस," नीलम आढाव म्हणाल्या. त्या हवालदार आहेत, आमच्या चौकीला, आवाजात सतत कुणीतरी मागून हाक मारतंय अशी घाई. "गाडी काय मिळत नाही हो. कॅमेऱ्यात संध्याकाळच्या सगळ्या पांढऱ्याच गाड्या, नंबर एकाचा दिसत नाही. साहेब म्हणाले, 'ए' समरीला पाठवा." म्हणजे बंद का, असं मी विचारलं. "बंद नाही. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. तुम्ही खोटं बोलता असं कोण म्हणत नाही. अज्ञात वाहन पक्कं झालं की तहसीलदाराकडे भरपाईच्या योजनेचा अर्ज करता येतो, तुमच्याच फायद्याचं आहे. उद्या सकाळी घरी येते, छोटासा पुरवणी जबाब घेते की तुम्हाला आणखी काही आठवत नाही. सही केली की झालं." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर पुन्हा प्रुफाकडे बघत राहिले, डोक्यात त्यांचंच वाक्य. गुन्हा खरा, आरोपी अज्ञात. वाक्यात काही चूक नव्हती. करणारा लपवणारी वाक्यं मराठीत किती सहज बसतात, ते आमच्या मॅडम कॉलेजात सांगायच्या. पाय मोडला गेला. गाडी निघून गेली.

मला आठवत नाही असं नाही. मला इतकं आठवतं की मीच दमून जाते. नवघर रोडचा तो झेब्रा, अर्धे पट्टे गटाराच्या खोदकामात गेलेले. माझ्या एका हातात लेकीचा, जानूचा हात, दुसऱ्यात तिचं दप्तर आणि मेथीची जुडी. मी दोन्हीकडे बघितलं होतं. मी नेहमीच दोन्हीकडे बघते, मग पुन्हा पहिल्या बाजूला बघते, माझा नवरा देवेश त्यावरून मला चिडवतो, तू रस्ता ओलांडत नाहीस, तपासतेस. तो पांढरा रंग डावीकडून आला, हॉर्न नाही, काही नाही. जानूला मी दुभाजकाकडे ढकललं की ती आपोआप गेली, हे मात्र खरंच आठवत नाही. ती तिथे उभी होती, एक चप्पल पायात नाही, रडतही नव्हती. मी गाल डांबरावर टेकून पडले होते. डांबर गरम होतं आणि मेथीचा वास येत होता. आणि गाडी थांबली. हे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. ती थोडी पुढे जाऊन थांबली. ब्रेकचे दिवे लागले आणि त्या तांबड्या उजेडात मागच्या काचेवरची अक्षरं उजळली: श्री देव कातळोबा प्रसंन्न. 'स'वर अनुस्वार, आणि वर पुन्हा 'न'ला 'न'. पायाचं हाड कातडीतून बाहेर बघत होतं आणि मी मनात म्हटलं, अनुस्वार जादा आहे. मग दिवे विझले आणि गाडी गेली.

तो अनुस्वार मी आधी पाहिला होता, आमच्याच घरात. कातळोबा हा देवेशच्या गावचा देव. कणकवलीच्या पुढे, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, नाव सांगितलं तर कणकवलीच्या माणसालाही पत्ता विचारावा लागतो असं गाव. आणि असा देव दुसऱ्या कुठल्या गावात नाही. मी घाटकोपरची, वडिलांचं गाव साताऱ्याकडे, म्हणून सासरी मी 'घाटीण', प्रेमाने. मंदिराला कळस चढवला त्या वर्षी मुंबईकर ग्रामस्थ मंडळाने गाड्यांना लावायला स्टिकर छापायचं ठरवलं आणि ते काम देवेशकडे आलं. भांडुपच्या एका छपाईवाल्याकडून तो गठ्ठा घेऊन आला, सोनेरी अक्षरं, खाली नागाची नक्षी. मी हसले. म्हटलं, अरे बायको घरात प्रुफरीडर आणि देवाच्या नावाखाली चूक? त्याचं तोंड उतरलं. पण सहदेवकाका होते तेव्हा, मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "ऱ्हवांदे गो. देवाक शुद्धलेखन लागणा नाय. देव भाव बघता." सगळे हसले, मीही. मंडळात गाड्या असणारे मोजकेच. त्या सगळ्यांच्या काचांवर माझी ती चूक लागली. मी पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात पार्किंगमधून चालताना मनातल्या मनात लाल पेनाने ती खोडत गेले.

हॉस्पिटलात भूल उतरत होती तेव्हा मी पहिली गोष्ट देवेशला तीच सांगितली. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला, फक्त जड झाला. "तुला भास झाला असेल," तो म्हणाला. "डोकं आपटलंय तुझं, श्रुती." मी म्हटलं, भास झाला असता तर शुद्ध झाला असता. पोलीस आले तेव्हा तोच पुढे होऊन म्हणाला, तिला काही दिसलं नाही, आणि मी मान हलवली. मान हलवणं सोपं होतं, बाकी काही हलतच नव्हतं. मला वाटलं, बरी झाले की बोलू. मला वाटलं, तोच बोलेल. चार भिंतींत एका माणसाला माहीत असलेली गोष्ट दोघांना माहीत झाली की ती अर्धी होते असं म्हणतात. आमच्यात ती दुप्पट झाली. तो मला उचलून बाथरूमपर्यंत न्यायचा, केस विंचरायचा, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ती पांढरी गाडी उभी असायची, ब्रेकचे दिवे लावून.

तिसऱ्या माणसाला कळलं ते सासूबाईंना, आणि मग ते माणसांपुरतं राहिलं नाही. सुलक्षणा नाव त्यांचं. सासरे गिरणीत होते, गिरण्या बंद पडल्यावर मुलुंडला आले, ते गेले तेव्हापासून त्यांच्या वाटणीचं बोलणंही याच बोलतात. मी एकदा घाबरून झोपेतून उठले तेव्हा त्यांना सांगून बसले. त्यांनी ऐकलं, पदराने माझं तोंड पुसलं, आणि लगेच गावी देवळातल्या गुरवाला फोन लावला. त्यांच्या दृष्टीने हीच तक्रार. आमच्याकडे तक्रार म्हणजे पोलिसात करतात ती, आणि त्यांच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे घालतात ते. नारळ ठेवायचा, एकाने मोठ्याने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. "माझ्या सुनेक उडवल्यान," त्या स्पीकरवर ओरडून सांगत होत्या, "गाडयेवर देवाचा नाव होता. आपल्या देवाचा. जो कोण असात तेका उभो कर म्हणान गाऱ्हाणा घाल." मी हातवारे करत होते, आई नको, आई थांबा. गावात फोन म्हणजे जत्रेतला भोंगा. संध्याकाळपर्यंत विक्रोळीपासून बोरिवलीपर्यंत सगळ्या मंडळाला कळलं. देवाने कुणाला उभं केलं की नाही माहीत नाही. पण ज्याला कळायला नको होतं त्याला सगळ्यात आधी कळलं असणार. रात्री देवेश आईवर पहिल्यांदाच चिडला. "केलंस ना. लागली वाट. आता कोण स्टिकर ठेवेल काचेवर?" भास झालेल्या अक्षरांबद्दल माणूस असं बोलत नाही. आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं आणि जानूने पोळी मागितली.

जानूला एक नवा शब्द मिळालाय. पाच वर्षांच्या मुलांपुढे मोठी माणसं फोनवर काय वाटेल ते बोलतात. "आई, अज्ञात सापडला का?" ती शाळेतून आल्यावर विचारते, जसं दूधवाला आला का. खेळताना तिच्या गाड्या एकमेकींवर आपटतात आणि ती म्हणते, पळ पळ, अज्ञात आला. रस्त्यावर ती आता हात धरत नाही, आजीच्या पदराचं टोक मुठीत धरते. मी खिडकीतून दोघींना जाताना बघते आणि त्या वळणावर नाहीशा होईपर्यंत श्वास सोडत नाही. माझा पाय वाकत नाही पुरता. डॉक्टर म्हणतात दुसरं ऑपरेशन, मग व्यायाम, मग बघू. 'मग बघू' हा शब्दप्रयोग मी कुठल्याच पुस्तकात ठेवला नसता.

फोन आल्यावर मी ऋतिकाला विचारलं. पार्ल्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. ती पुढे वकील झाली, अपघातांच्याच केसेस लढते. "दोन रस्ते आहेत बघ," ती म्हणाली, मागे तिच्या ऑफिसात कुणीतरी कागदांना पंच मारत होतं. "गाडी अज्ञात राहिली तर सरकारची ठरीव भरपाई. तुझी किती हाडं मोडली, किती काम बुडालं, कोणी विचारत नाही, गंभीर दुखापत म्हणजे एकच आकडा. गाडी सापडली तर न्यायाधिकरणात दावा. तिथे पुढचं ऑपरेशन, बुडालेलं काम, पाय तसाच राहिला तर त्याचं, सगळं मागता येतं. आणि गाडीचा विमा असेल तर ते विमा कंपनी देते गं, त्या माणसाचं घर विकावं लागत नाही." मग तो पळाला कशाला, मी विचारलं. "पळणाऱ्याला हे माहीत नसतं. थांबला असता, तुला उचलून नेलं असतं, चौकीला कळवलं असतं, तर त्याचंच अर्धं ओझं कमी झालं असतं. पळाल्याचा गुन्हा वेगळा, तो मात्र त्याचा त्याला." मग तिने विचारलं, "तुला काही आठवतंय का, श्रुतिका?" मी म्हटलं, का? "कारण उद्या 'काही आठवत नाही'वर सही केलीस आणि नंतर आठवलं, तर समोरचा वकील तुझी सालं काढेल. आठवत असेल तर उद्याच सांग. उशीर का झाला विचारतील, तेही खरं सांग. आणि जे पाहिलंस तेवढंच सांग. माणूस पाहिला नसशील तर माणूस सांगू नको."

माणूस मी पाहिला नाही. हे मला फार बरं वाटलं होतं इतके दिवस. मी अक्षरं पाहिली. आणि मला कधीकधी वाटतं, त्यानेही मला अक्षरांमधूनच पाहिलं असेल, मान मागे वळवून, आतून ती उलटी दिसत असतील, देवाचं नाव उलटं आणि त्याच्या मागे रस्त्यावर पसरलेली मेथी.

दुपारी सहदेवकाका आले. देवेशने कळवलं असणार, केस बंद होतेय म्हणून. हातात नारळ, केळी, जानूला चिक्की. अपघात झाल्यापासून घरी ते पहिल्यांदाच येत होते. मी मनात म्हणत होते, म्हातारा माणूस, जिने, जमलं नसेल. देवेशला नोकरी यांनीच लावली. ही खोली यांच्याच शब्दावर मिळाली. आमच्या लग्नात माझ्या वडिलांना घाटावरचे म्हणून कुणीतरी हसलं, तेव्हा हा माणूस त्यांच्या पंगतीला जाऊन बसला होता. "काय गो सूनबाय, हाड जुळला?" ते म्हणाले, पण पायाकडे बघितलं नाही, उशीकडे बघितलं. मी म्हटलं, जुळतंय. "जुळतला. देव असा." जानू चिक्की चावत होती. तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला माहितेय अज्ञात कोण आहे?" देवेश म्हणाला, जानू, आत जा. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यांनी नारळ पाटावर ठेवला, माझी प्रुफं बाजूला करून, आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मंडळात गाऱ्हाणं नेहमी तेच घालतात. आवाज अजून खणखणीत. "बा देवा कातळोबा म्हाराजा..." "व्हय म्हाराजा," सासूबाई आणि देवेश म्हणाले. "आज जी काय तुझी लेकरां हयसर मुंबैत पोटाच्या पाठी धावतत, तेंच्या पाठी उभो ऱ्हव म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "ह्या पोरग्येर जा काय संकट इला, ता टाळून तिका चालती-बोलती कर म्हाराजा." "व्हय म्हाराजा." लग्न झाल्यापासून मी हे इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाठ आहे, छापलेल्या मजकुरासारखं. यानंतरची ओळ असते, कोणी वायट केल्यान असात, कोणी वायट चितल्यान असात, तर तेचा तेच्या पदरात घाल म्हाराजा. बारसं असो की वास्तुशांत, ती ओळ असतेच. सासूबाईंनी 'व्हय'साठी तोंड उघडलंसुद्धा होतं. काका थांबले. मग ते म्हणाले, "काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल म्हाराजा." आणि खाली बसले. 'व्हय म्हाराजा' एकट्या देवेशने म्हटलं. सासूबाईंचं तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं होतं, मग त्यांनी ते हळूच मिटलं. मी प्रुफरीडर आहे. मजकूर गळला की मला बोट ठेवता येतं.

ते खाली उतरले तेव्हा मी भिंतीला धरत खिडकीपर्यंत गेले. त्यांची पांढरी गाडी झाडाखाली होती. मागच्या काचेवर धूळ बसली होती, सगळीकडे सारखी, फक्त मधे एक आडवी पट्टी स्वच्छ, ब्लेडने खरवडल्यासारखी. मुंबईत काचेवरून स्टिकर काढणारे पुष्कळ. इतका ओरडा झाल्यावर मंडळातल्या आणखी कुणी काढलाही असेल, उगाच आपल्यावर नको म्हणून. मी हे सगळं स्वतःला सांगितलं. गाडी वळताना ब्रेकचे दिवे लागले आणि माझ्या मांडीत डॉक्टरांनी घातलेली सळई गार पडली.

सासूबाई भांडी घासत होत्या. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "तेनी एक वळ खाल्ल्यान." मी म्हटलं, हो, ती ओळ त्यांनी गाळली. "चाळीस वर्सां ऐकतंय. देवळात खाल्ल्यान नाय कधी." भांडं विसळून त्यांनी पालथं घातलं. "देवासमोर तेका ती वळ म्हणवली नाय. म्हणजे देव हा गो हयसर." त्यांना त्याचं समाधान वाटलं की दुःख, मला कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही नाही.

देवेश संध्याकाळी जानूला झोके देऊन आला आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसला. "उद्या काय सांगणार आहेस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, जे वाचलं ते. "यार श्रुती. म्हातारा माणूस आहे तो. कदाचित तो नसेलही. कदाचित घरातलं दुसरं कोणी चालवत असेल." मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेणार नाही. "नाव घ्यायची गरजच नाही, ते स्टिकर मी छापलेत. माझ्याकडेच येणार ना विचारायला. कोणाकोणाला दिलेस, सांग. गावात तोंड कुठे दाखवू मी?" तो हे रागाने म्हणाला नाही, खूप थकून म्हणाला, आणि मला त्याची दया आली. आम्ही दोघंही थकलेलो होतो; फक्त मी झोपून थकले होते आणि तो उचलून. मी म्हटलं, "देवेश, तो थांबला होता." "काय?" "गाडी थांबली होती. ब्रेक लावला होता त्याने. म्हणून तर वाचता आलं मला. जानू तिथे उभी होती, एका पायात चप्पल. त्याने थांबून बघितलं आणि मग गेला." देवेशने माझ्याकडे बघितलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या पायाची गोष्ट त्याने कशीतरी गिळली होती. चप्पल त्याला गिळता येईना. तो उठून दाराशी गेला, तिथे जानूच्या चपला होत्या, नव्या, त्याच्याकडे पाठ करून ठेवलेल्या. त्याने त्या सरळ केल्या.

सकाळी नीलम आढाव आल्या, हेल्मेट काखेत, चहा नको म्हणत चहा घेतला. जबाब आधीच लिहून आणला होता, फक्त सही बाकी. "वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "मला अपघाताबाबत याव्यतिरिक्त काही आठवत नाही..." मी म्हटलं, हे खोडा. त्यांनी वर बघितलं. "मला आठवतं. मागच्या काचेवर मजकूर होता." सासूबाई दारात उभ्या होत्या, जानू त्यांचा पदर धरून. देवेश खिडकीशी, बाहेर तोंड करून. नीलम आढावांनी पेनाचं टोपण काढलं, एवढे दिवस का नाही सांगितलं वगैरे काहीतरी पुटपुटल्या, मी म्हटलं तेही लिहून घ्या, घरातल्या माणसांसाठी गप्प होते. त्यांनी नवा कागद घेतला. मग मी मजकूर सांगितला, शब्द न् शब्द, आणि त्यांनी लिहिला, आणि समोरच्याने कागदावर लिहिलेलं उलटं वाचायची मला सवय आहे.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही 'प्रसन्न' बरोबर लिहिलंत."

"मग?"

"त्यावर चूक होती. 'स'वर अनुस्वार. चुकीचंच लिहा."

"सरकारी कागद आहे मॅडम. साहेब म्हणतील आढावांना मराठी येत नाही." त्या हसल्या. "एका टिंबाने काय फरक पडतो? आणि तुम्ही तेव्हा रस्त्यात पडला होता. एवढं बारीक कसं दिसलं, असं कोर्टात विचारलं तर?"

आयुष्यभर जी गोष्ट करत आले तिच्यासाठी माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं. मी पायाकडे बघितलं, मग पाटाकडे, तिथे अजून काकांचा नारळ होता.

"होता अनुस्वार," खिडकीकडून देवेश म्हणाला. तो अजून बाहेरच बघत होता. "तिने तेव्हाच सांगितलं होतं मला. मी छापून आणले होते ते."

नीलम आढावांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सासूबाईंच्या ओठांतून काहीतरी निघालं, अगदी हळू, दोनच शब्द, मंडळाबाहेरच्या माणसाला ऐकूसुद्धा आले नसते. मग नीलम आढावांनी कागद जवळ ओढला आणि पेन टेकवून 'स'च्या डोक्यावर एक टिंब दिलं. जरा जास्तच दाबून. मागच्या कागदावर उमटेल इतकं.